कालवांच्या पाचक ग्रंथीत नोरोव्हायरसची अँटिबॉडी: सगळीच स्लाइड चमकतेय, काय करू?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्यांमधल्या कालवांवर पीएचडी करतेय. विषय नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांचा हा विषाणू सांडपाण्यातून खाडीत येतो. एकेक कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, आणि पाण्यात जे असेल ते त्याच्या पाचक ग्रंथीत साठत जातं. आपल्या किनाऱ्यावरच्या क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस या जातीत हा विषाणू ग्रंथीच्या नेमक्या कुठल्या भागात बसतो, ते मला डोळ्यांनी बघायचंय.

आमच्याकडे ओहोटी लागली की बायका खडकांवर बसून कोयतीने कालवं फोडतात. माझे नमुने त्यांच्याकडूनच येतात. त्यातल्या एक काकू दर वेळी विचारतात, "काय गो, गावलं काय त्यात?" त्यांना सांगण्यासारखं अजून माझ्याकडे काही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता अडचण. नोरोव्हायरसच्या कॅप्सिडविरुद्धची, म्हणजे विषाणूच्या प्रथिनांच्या कवचाविरुद्धची, उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी (कवचावरची एकच जागा ओळखून चिकटणारं प्रथिन) मागवली. सोबतच्या कागदावर लिहिलंय: जीआयआय.४ च्या कॅप्सिडविरुद्ध, एलायझासाठी तपासलेली, फक्त संशोधनासाठी. (जीआयआय.४ हा नोरोव्हायरसच्या जीआयआय गटातला एक प्रकार; एलायझा ही प्लेटवर रंग आणून प्रथिन ओळखायची चाचणी.) फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या ग्रंथीचे पॅराफिनमधले ५ मायक्रॉनचे काप घेतले, वर ही अँटिबॉडी, मग सेकंडरी, म्हणजे पहिलीला चिकटणारी हिरवी चमकणारी दुसरी अँटिबॉडी. सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर अख्खी ग्रंथी हिरवीगार! गावाजवळच्या खाडीतलं कालव असो, नाहीतर प्रयोगशाळेच्या टाकीत स्वच्छ पाण्यात ठेवलेलं, दोन्ही सारखीच चमकतात. तीच अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून ओळखायची चाचणी) लावली तर कवचाच्या प्रथिनाच्या जागी, ५८ किलोडाल्टनला, पट्टाच नाही. म्हणजे एकीकडे सगळीकडे दिसतंय आणि दुसरीकडे कुठेच नाही.

गाइड म्हणतात अँटिबॉडी खराब आहे, दुसरी मागव. पण एका कुपीला फेलोशिपचा अख्खा महिना जातो. दुसरी घेऊन तेच झालं तर ग्रँटमध्ये तिसरीला पैसे नाहीत. कुणी या विषाणूच्या अँटिबॉडी हाताळल्या असतील तर सांगा: हिच्यातच दोष आहे का? आणि दुसरी घ्यायची तर कुठली?

सूक्ष्म_नाशिक:

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. कालवांचा अनुभव नाही, पण नोरोव्हायरसच्या अँटिबॉडीवर चालणारे किट वापरतो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जेवणावळीनंतरचे उलट्या-जुलाबांचे रुग्ण एकगठ्ठा येतात, तेव्हा शौचाच्या नमुन्यांवर अँटिजेनचं कार्ड लावतो. एकाच पंगतीतल्या काहींचं कार्ड पॉझिटिव्ह, काहींचं निगेटिव्ह असं हमखास होतं, आणि तेच निगेटिव्ह नमुने पीसीआरला पाठवले की त्यातलेही पॉझिटिव्ह निघतात. यात नवल नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये नोरोव्हायरसच्या पहिल्या एलायझा किटला परवानगी दिली, तीच मुळी साथीच्या वेळी अनेकांचे नमुने एकत्र तपासण्यासाठी. एकट्यादुकट्या रुग्णाचं निदान करण्याइतकी ती चाचणी संवेदनशील नाही, हे परवानगी देतानाच सांगितलेलं होतं.

आणि हे शौचाच्या नमुन्याबद्दल झालं, जिथे आजाराच्या भरात एका ग्रॅममध्ये अब्जावधी विषाणू असतात. तुमच्या कालवात त्याच्या किती खाली असणार, याचा विचार आधी करा असं सुचवेन.

विषय महत्त्वाचा आहे हे मात्र नक्की. २०२१ च्या नोव्हेंबरात केरळात वायनाडमधल्या पुकोडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हाच विषाणू झाला, तेव्हा कुठे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना त्याचं नाव कळलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून यावर काम करत होते.

जुनी_पिपेट:

खाडीकाठ, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते. माझी सगळी नोकरी विषाणूंच्या प्रयोगशाळेत एलायझा बसवण्यात गेली. निवृत्त झाले तरी अँटिबॉडीचं नाव निघालं की गप्प बसवत नाही.

नवीन अँटिबॉडी मागवू नकोस. निदान आत्ता तरी नको.

आधी एक काम कर. काहीही न लावलेला, फक्त पॅराफिन काढलेला कोरा काप त्याच हिरव्या फिल्टरखाली बघ. मग फक्त सेकंडरी लावलेला काप बघ. तू दोन्हींचा उल्लेख केलेला नाहीस. माझी खात्री आहे की कोरा कापही चमकणार. कालवाची पाचक ग्रंथी ही चमकणाऱ्या गोष्टींचं कोठार असते. पेशींमध्ये लायपोफ्युसिनचे पिवळट-तपकिरी कण असतात, ते निळ्या प्रकाशात हिरव्यापासून नारिंगीपर्यंत सगळ्या रंगांत चमकतात. नळ्यांच्या आत अर्धवट पचलेलं शेवाळ असतं, त्यातलं क्लोरोफिल लाल चमकतं. साध्या प्रकाशात पाहिलंस तर तेच कण तुला फिकट तपकिरी दिसतील. जिथे तपकिरी तिथे हिरवं, असं जुळलं तर समज की तो ग्रंथीचा स्वतःचा प्रकाश आहे, अँटिबॉडीचा त्यात काही संबंध नाही.

यावर उपाय आहेत. सुदान ब्लॅक बी लावून लायपोफ्युसिनची चमक बरीच दाबता येते. पण मी तुझ्या जागी असते तर चमकणारा रंग सोडूनच दिला असता. पेरॉक्सिडेज हे एन्झाइम लावलेली सेकंडरी घे, त्यावर डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग आण, आणि त्याआधी काप हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून ग्रंथीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज मारून टाक. मूळचे तपकिरी कण तरीही दिसतील, म्हणून शेजारी कोरा काप ठेवायचाच. एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे: शिंपल्या-कालवांना आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतातच, त्यामुळे उंदराच्या मेंदूवर किंवा आतड्यावर उंदराचीच अँटिबॉडी लावताना सेकंडरी घरच्याच अँटिबॉडीला चिकटण्याचा जो वैताग होतो, तो तुला होणार नाही.

आता वेस्टर्नकडे येते. पट्टा आला नाही म्हणून अँटिबॉडीला दोष देऊ नकोस. नोरोव्हायरसचं कवच व्हीपी१ या एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींचं बनलेलं असतं. त्या दोन-दोन प्रती एकमेकींना बिलगून ९० जोड्या होतात. उंदराला असं अख्खं कवच टोचून केलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडींपैकी बऱ्याच जणी त्या घडी घातलेल्या आकाराला ओळखतात. वेस्टर्नसाठी तू प्रथिन एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळलंस की घडी मोडली, आणि जिला ती ओळखत होती ती जागाच राहिली नाही. कागदावर एलायझासाठी तपासलेली असं लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच की एलायझात ती चालते. वेस्टर्नला किंवा पॅराफिनच्या कापावर चालेल असं वचन कुणी दिलेलं नाही. फॉर्मलिन, पॅराफिन, वर अँटिजेन रिट्रीव्हलसाठी, म्हणजे झाकली गेलेली जागा पुन्हा उघडी करायला, सायट्रेटमध्ये उकळणं, एवढ्यातून अशी घडी टिकेलच असं नाही. गोठवलेल्या ऊतीचे काप घेऊन बघ. किंवा सशात केलेली पॉलिक्लोनल मिळव. तिच्यात सरळ धाग्यासारख्या तुकड्यांना ओळखणाऱ्या अँटिबॉडीही असतात, त्यामुळे कापावर ती जास्त सोशिक ठरते.

पण याहून मोठा प्रश्न आकड्यांचा आहे, आणि नाशिकच्या डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलंच आहे. कागद-पेन्सिल घे. व्हीपी१ साधारण ५८ किलोडाल्टनचं, त्याच्या १८० प्रती, म्हणजे एक पोकळ कवच एक कोटी डाल्टनच्या थोडं वर. यावरून १ नॅनोग्रॅममध्ये साडेपाच कोटींहून जास्त कवचं भरतात. चांगली बसवलेली एलायझा नॅनोग्रॅमच्या आगेमागे रंग दाखवते. फार ताणलीस तर त्याचा दहावा भाग, तरी ते अर्धा कोटी कण झाले. खाडीतल्या कालवात पीसीआरला सापडतात त्या ग्रॅममागे शेकड्यांत किंवा हजारांत प्रती. तो ग्रॅम तू ५ मायक्रॉनच्या कापांत वाटलास की एका कापात किती आले? कुठलीही अँटिबॉडी, कितीही महागाची, ते दाखवू शकणार नाही. खाडीतून आणलेल्या कालवाच्या कापावर विषाणू दिसला असं कुणी तुला सांगितलं तर आधी कंट्रोल मागून घे.

म्हणून तुझे दोन प्रश्न वेगळे कर. काकू विचारतात तो प्रश्न, "गावलं काय?", हा पीसीआरचा आहे. त्याला आयएसओ १५२१६ ची पद्धत आहे: २ ग्रॅम ग्रंथी, प्रोटिनेज के, आरएनए काढणं, जीआय आणि जीआयआय यांची वेगवेगळी रिअल टाइम आरटी-पीसीआर, आणि आरएनए वाटेत किती हरवलं ते कळायला सुरुवातीलाच घातलेला मेंगोव्हायरस. दुसरा प्रश्न तुझा: विषाणू ग्रंथीत कुठे बसतो? हा अँटिबॉडीचा प्रश्न आहे, पण तो खाडीतल्या कालवावर विचारायचा नाही. टाकीतल्या स्वच्छ कालवाला रात्रभर शेवाळासोबत पोकळ कवचं, म्हणजे व्हीएलपी, खायला घालायची आणि मग काप घ्यायचे. व्हीएलपीत आरएनए नसतं, ती कुणाला आजारी पाडत नाहीत, आणि हवी तेवढी घालता येतात. फ्रान्समध्ये नांतला इफ्रेमेरच्या लोकांनी नेमकं हेच केलं. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की नॉरवॉक विषाणूची, म्हणजे जीआय.१ ची, कवचं कालवाच्या पाचक ऊतींतल्या ए रक्तगटासारख्या शर्करेला चिकटतात. माणसाच्या आतड्यात तो विषाणू ज्या प्रकारच्या शर्करा धरतो, तसंच काहीतरी कालवात त्याला आयतं मिळतं. म्हणून तर बाजारात पाठवण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून ई. कोलाय दोन दिवसांत निघून जातो आणि नोरोव्हायरस आठवडेच्या आठवडे ग्रंथीत बसून राहतो. ते काम त्यांच्याकडच्या क्रॅसोस्ट्रिया गिगासवर आहे. तू ते ग्रायफॉइडिसवर करून दाखवलंस तर आपल्या किनाऱ्याच्या कामाचं होईल.

आणि कंट्रोल. यावर मी हटून बसते. व्हीएलपी घातलेलं कालव, न घातलेलं कालव, त्याच उपवर्गाची पण भलत्याच कशाला तरी ओळखणारी उंदराची अँटिबॉडी तितक्याच प्रमाणात, आणि चौथी स्लाइड सगळ्यांत महत्त्वाची: तुझी अँटिबॉडी आधी भरपूर व्हीएलपीसोबत तासभर ठेव, मग कापावर घाल. तिचे हात आधीच भरलेले असतील तर कापावरचा रंग गेला पाहिजे. गेला नाही, तर पहिल्या स्लाइडवर जे दिसलं ते नोरोव्हायरस नव्हतं. ही चौथी स्लाइड बघितल्याशिवाय मी माझ्या हाताखालच्या कुणाच्या निकालावर सही केली नाही.

अँटिबॉडीवर माझा जीव का आहे तेही सांगते. १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत निम्मी मुलं आणि शिक्षक उलट्यांनी आजारी पडले. जिवाणू सापडेना, कुठल्या पेशींत विषाणूही वाढेना. आल्बर्ट कपिकियन यांनी १९७२ मध्ये काय केलं, तर त्या साथीतल्या शौचाच्या नमुन्यापासून गाळून घेतलेला द्रव आणि आजारातून बऱ्या झालेल्याचा सीरम एकत्र केला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सीरममधल्या अँटिबॉडींनी विखुरलेले २७ नॅनोमीटरचे कण ओढून एकत्र आणले, घोळके केले, आणि ते घोळके दिसले. एकेकटा कण शौचाच्या कचऱ्यात कुणाच्या नजरेत भरला नसता. हा विषाणू माणसाला पहिल्यांदा दिसला तोच अँटिबॉडीमुळे. तेव्हा तिला नावं ठेवण्याआधी आपण तिला काय काम दिलंय ते बघायचं.

खाडीकाठ:

बाई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. कोरा काप चमकतो. अगदी तसाच! साध्या प्रकाशात नळ्यांच्या भिंतींत तपकिरी ठिपके आहेत आणि बरोब्बर त्याच जागी हिरवं. नळ्यांच्या पोकळीत लाल ठिपके आहेत, ते शेवाळाचे असणार. इतके दिवस मी ग्रंथीचाच प्रकाश बघत होते.

आकड्यांचं गणित गाइडना दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, पीसीआरचा भाग वेगळा प्रकरण म्हणून लिही. नवीन अँटिबॉडीची मागणी त्यांनी मागे घेतली.

आता प्रश्न व्हीएलपीचा. विकत घ्यायला गेलं तर अँटिबॉडीपेक्षा महाग. ती ज्यांत बनवतात त्या कीटक-पेशी वाढवायची आमच्याकडे सोय नाही. शेजारच्या विभागात उंदरांच्या नोरोव्हायरसवर काम चालतं, तो ते पेशींमध्ये वाढवतात. तोच कालवांना घातला तर चालेल का?

लायडनहून:

मूळची चिपळूणची, सध्या नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक करते, विषय कॅलिसिव्हायरसच, म्हणजे नोरोव्हायरसचं कुळ. कालवांवर मराठीत चर्चा चाललेली बघून फार बरं वाटलं.

उंदरांच्या नोरोव्हायरसबद्दल: तुझ्या प्रयोगाला चालणार नाही. निर्जंतुकीकरणाच्या प्रयोगांत लोक तो माणसाच्या विषाणूऐवजी वापरतात, कारण तो आरएडब्ल्यू २६४.७ पेशींत छान वाढतो आणि जिवंत किती उरला ते मोजता येतं. पण तो जीव्ही गटातला. तुझी जीआयआय.४ ची अँटिबॉडी त्याला ओळखेल अशी आशा धरू नकोस. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पेशीत शिरतो तो सीडी३००एलएफ नावाच्या प्रथिनाच्या आधाराने, रक्तगटाच्या शर्करांवर त्याचं अडत नाही. तुझा प्रश्न कालवातल्या शर्करेला विषाणू कसा चिकटतो हा आहे. त्याचं उत्तर त्या शर्करेची गरजच नसलेला विषाणू कसं देणार?

व्हीएलपीऐवजी स्वस्तातला मार्ग आहे. व्हीपी१ चा बाहेर आलेला भाग, ज्याला पी डोमेन म्हणतात, तो ई. कोलायमध्ये बनवता येतो. शेकर, निकेल कॉलम आणि थोडा धीर एवढंच लागतं. तो स्वतःहून जोडी करतो आणि शर्करेला चिकटतो. अख्ख्या कवचाला ९० जोड्या असतात म्हणून त्याची पकड घट्ट असते आणि एकट्या जोडीची सैल, हे लक्षात ठेवून प्रमाण वाढव. त्याने तुला दोन गोष्टी मिळतील: अँटिबॉडी जिवंत आहे का ते एलायझात बघायला पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि बाईंनी सांगितलेल्या चौथ्या स्लाइडसाठी भरपूर प्रथिन. कालवांना खायला घालायला मात्र अख्खी कवचंच हवीत. ती १९९२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात मेरी एस्टेस यांच्या गटाने पहिल्यांदा कीटक-पेशींत बनवली, आणि आता जगभर बऱ्याच प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये असतात. गाइडच्या सहीने पत्र लिही, हस्तांतर करार कर. थोड्या मायक्रोग्रॅमसाठी लोक सहसा नाही म्हणत नाहीत, विशेषतः नवी जात बघायची असेल तर.

मागताना जीआय.१ आणि जीआयआय.४ दोन्ही माग. नांतच्याच गटाने पुढे दाखवलंय की दोन्ही कालवात सारखे वागत नाहीत. जीआय.१ पाचक ग्रंथीत झपाट्याने साठतो. जीआयआय.४ कमी साठतो, आणि तो कल्ले व प्रावरणातही सापडतो, तिथे सायलिक आम्ल असलेल्या दुसऱ्या शर्करेशी त्याचा संबंध आहे. त्यामुळे तुझ्याकडे फक्त जीआयआय.४ ची अँटिबॉडी असेल तर ग्रंथीचं अर्धंच चित्र दिसेल.

इथे तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर येतं, दुसरी अँटिबॉडी कुठली. पी डोमेनचं वरचं टोक, पी२, सतत बदलतं. जीआयआय.४ चे २००२, २००६, २००९, २०१२ असे ठरावीक काळाने नवे प्रकार आले ते तिथल्या बदलांच्या जोरावर, आणि २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन-जपानकडे जीआयआय.१७ ने डोकं वर काढलं. पी२ वर बसणारी अँटिबॉडी नेमक्या एका प्रकाराला अचूक ओळखते, पण पुढच्या प्रकाराला सोडून देऊ शकते. खालचा पी१ भाग त्या मानाने स्थिर. तिथे बसणाऱ्या दोन मोनोक्लोनल खूप वर्षांपासून वापरात आहेत: जीआय गटातल्या बऱ्याच प्रकारांसाठी एनव्ही३९०१ आणि जीआयआय गटातल्या बऱ्याच प्रकारांसाठी एनएस१४. कधी पैसे हाती आलेच, तर विक्रेत्याला आधी विचार: कशाविरुद्ध केली, कवचाच्या कुठल्या भागावर बसते, कुठल्या जीनोटाइपवर तपासली, आणि कापावर कुणी वापरली आहे का. चारही उत्तरं मिळत नसतील तर घेऊ नकोस.

सूक्ष्म_नाशिक:

लायडनच्या ताईंना एक विचारायचं होतं. तुम्ही म्हणता त्या पी१ वर बसणाऱ्या अँटिबॉडी असतील तर किटमध्येही त्याच का नाहीत? मग आमची निगेटिव्ह कार्डं कमी झाली असती.

लायडनहून:

प्रकार ओळखणं आणि कमी संख्येत ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डॉक्टर. पी१ वरची अँटिबॉडी जास्त प्रकार ओळखते, पण ती जागा कवचावर थोडी आत दडलेली असते, आणि रंग यायला लागणारे लाखो कण तर लागतातच. म्हणून किटांमध्ये अनेक अँटिबॉडींचं मिश्रण घालतात. तरी पीसीआरशी बरोबरी होत नाही, कारण पीसीआर एकाचे कोटी करते आणि अँटिबॉडी आहे तेवढंच मोजते.

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: खाडीतली कालवं पीसीआरला. पी डोमेन शेजारच्या विभागातल्या मैत्रिणीसोबत ई. कोलायमध्ये. व्हीएलपीसाठी पत्र गाइडनी आजच लिहायला घेतलं. हिरवा रंग सोडून डीएबी.

एक शंका. माझ्या कुपीवर लिहिलंय की त्यात ०.०९ टक्के सोडियम अझाइड आहे. अझाइड पेरॉक्सिडेजला मारतं असं वाचलं. मग ही अँटिबॉडी डीएबीला चालेल का, की डायलिसिस करून, म्हणजे पातळ पडद्यातून झिरपवून, अझाइड काढू? कुपीत फार थोडी उरलीय, डायलिसिसमध्ये आणखी वाया जाईल याची भीती वाटते.

जुनी_पिपेट:

डायलिसिस करू नकोस. अझाइड प्रायमरीत, म्हणजे तुझ्या पहिल्या अँटिबॉडीत आहे. ती तू शेकडो पटींनी पातळ करणार आणि सेकंडरी घालण्याआधी काप तीनदा धुणार. पेरॉक्सिडेज कापावर पोचेपर्यंत अझाइड निघून गेलेलं असतं. फक्त सेकंडरी पातळ करायच्या बफरमध्ये आणि धुण्याच्या बफरमध्ये अझाइड नाही ना ते बघ. बऱ्याच प्रयोगशाळांत बफरला बुरशी येऊ नये म्हणून कुणीतरी आधीच घालून ठेवलेलं असतं आणि बाटलीवर लिहिलेलं नसतं. तेव्हा नवं बफर स्वतः बनव. प्रायमरीला थेट पेरॉक्सिडेज जोडायचं असतं तरच अझाइड काढावं लागलं असतं.

उरलेली अँटिबॉडी आजच छोट्या कुप्यांत वाटून ठेव, एका वेळेला लागेल तेवढीच एकीत. पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलीस तर ती खरोखर खराब होईल. आणि पी डोमेन हातात आलं की पहिलं काम एलायझा प्लेटवर: आडव्या रांगेत प्रथिन पातळ करत जा, उभ्या रांगेत अँटिबॉडी. कुठल्या प्रमाणाला रंग स्वच्छ आणि रिकाम्या खाचा पांढऱ्या, ते त्यावरून ठरेल. कापावर सुरुवात त्याच्या दुप्पट-तिप्पट दाट प्रमाणाने कर.

प्लेटचा फोटो इथे टाक, वाचून देईन.